हापूसचा पणजोबा कोण? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात दोन प्रकारची पत्रं जास्त आली, आंब्यावरची आणि आडनावांवरची. दोन्ही गठ्ठे वेगळे ठेवले होते पण उत्तरं लिहायला बसल्यावर लक्षात आलं की बरीचशी एकाच ठिकाणी जाऊन पोचतायत, म्हणून या अंकात एकत्रच घेतलीत. तुडतुडे आणि फवारणीवाल्यांनी रागवू नका, तुमचं सगळं पुढच्या अंकात.

प्रश्न – आमची हापूसची कलमं आहेत. पेटीवर इंग्लिशमधे अल्फान्सो छापतो आणि तोंडाने हापूस म्हणतो, आजवर त्यात काय विचार केला नव्हता. आता मुलगा नेटवर वाचून सांगतो की अल्फान्सो हे जर्मन नाव आहे. मी म्हटलं अरे पोर्तुगीज आहे, शाळेत शिकलोय आम्ही. घरात पैज लागलीय. तर माका एकदा नीट सांगा, हापूस ह्या नाव खरा खयसून इला? – एक बागायतदार, देवगड

उत्तर – पैजेचे पैसे काढूच नका, दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात. हापूस हे नाव कोकणात आलं ते पोर्तुगीजांच्या तोंडून, इथपर्यंत तुमचं खरं. पण पोर्तुगीजांकडे ते कुठून आलं असं विचारलं की मुलगा बरोबर ठरतो, फक्त त्याने जर्मन न म्हणता जर्मानिक म्हणायला हवं होतं. जर्मन ही आजची एक भाषा आणि जर्मानिक हे भाषांचं अख्खं घराणं, त्यात जर्मन, इंग्लिश, डच, स्वीडिश सगळे येतात, जशा मराठी, कोकणी, गुजराती एका घरातल्या आहेत पण म्हणून कोकणीला कोणी गुजराती म्हणत नाही. त्या घराण्यातली एक भाषा आता मेलीय, गॉथिक तिचं नाव, आणि आपलं हे नाव त्या गॉथिकवाल्यांचं.

हे गॉथ लोक म्हणजे रोमन साम्राज्याच्या उत्तर हद्दीवरचे लढवय्ये. 410 साली त्यांच्या अलारिक राजाने खुद्द रोम शहर लुटलं. पुढे 418 च्या सुमाराला यांच्यातल्या पश्चिमेकडच्या शाखेने फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूजला बस्तान बसवलं, मग तिथून फ्रँक लोकांनी हाकलल्यावर ते स्पेनमधे सरकले आणि तोलेदो ही त्यांची राजधानी झाली. आजचा पोर्तुगाल पण शेवटी त्यांच्याच राज्यात आला. डोक्यांनी मोजले तर हे राज्यकर्ते थोडेच, खालची सगळी प्रजा लॅटिन बोलणारी, त्यामुळे यांची भाषा तिथे टिकली नाही, हळूहळू हेही लॅटिनच बोलायला लागले. नावं मात्र उलटी फिरली. राजाचं, सरदाराचं नाव आपल्या पोराला ठेवायची हौस कुठल्या मुलखात नसते, तर ज्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत गॉथ नव्हता ते पण गॉथिक नावं ठेवायला लागले आणि भाषा गेली तरी नावं राहिली.

आता नाव सोडवून बघू. जुनी जर्मानिक नावं बहुतेक दोन तुकड्यांची असतात. अल्फान्सोचा मागचा तुकडा 'फुन्स', म्हणजे तयार, सज्ज. पुढच्या तुकड्यावर जाणकारांचं एकमत नाही, काही म्हणतात 'अदल' म्हणजे उमदा, खानदानी, काही म्हणतात 'हदु' म्हणजे लढाई. पहिलं धरलं तर उमदा आणि सज्ज, दुसरं धरलं तर सरळ रणसज्ज. आपल्याकडे रणजित, रणधीर आहेतच की, त्याच पठडीतलं. मला स्वतःला वाटतं दोन-तीन वेगवेगळी नावं बोलता बोलता एकमेकांत मिसळली असणार, कारण जुन्या लॅटिन कागदांत अदेफोन्सुस, अल्देफोन्सुस, इल्देफोन्सुस अशी सगळी रूपं सापडतात. यातल्या इल्देफोन्सुस नावाचा तोलेदोचा आर्चबिशप 667 साली वारला, तो पुढे संत म्हणून मान्यता पावला आणि स्पेनमधे इल्देफोन्सो हे नाव आजही वेगळं चालतं, त्यातला 'हिल्द' म्हणजे पण लढाईच. थोडक्यात कुठूनही ओढा, लढाई काय सुटत नाही.

711 साली उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा समुद्र ओलांडून आल्या आणि गॉथांचं राज्य पडलं. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, आस्तुरियासमधे, ख्रिश्चनांचं एक छोटं राज्य तग धरून राहिलं, तिथे 739 मधे जो गादीवर बसला तो पहिला अल्फोन्सो. त्यानंतर स्पेनमधे या नावाच्या राजांची रांगच लागली, नंबर तेरापर्यंत गेला, शेवटचा तेरावा 1931 साली देश सोडून गेला. त्यातला दहावा अल्फोन्सो, ज्याला शहाणा म्हणायचे, तो ग्रहताऱ्यांच्या नादाचा. त्याने पंडित बसवून ग्रहांची कोष्टकं करून घेतली, ती युरोपात पुढे काही शतकं वापरात होती. चंद्रावरच्या एका मोठ्या विवराला त्याचं नाव आहे आणि 1965 च्या मार्चमधे अमेरिकेचं रेंजर 9 हे यान फोटो काढत काढत बरोब्बर त्याच विवरात जाऊन आदळलं. म्हणजे हापूस चंद्रावर पण आहे, पेटी पाठवायची सोय तेवढी नाही.

पोर्तुगाल वेगळं झालं ते सुद्धा याच नावाखाली. त्यांचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स, 1139 मधे त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं. इथे बघा, स्पॅनिशमधे अल्फोन्सो, पोर्तुगीजमधे अफोन्सो, मधला ल नाही. आणि पोर्तुगीज माणूस शेवटचा ओ पण पूर्ण म्हणत नाही, तो जवळजवळ उ होतो, आणि न नाकातला. तर कानाला येतं 'अफोंसु'. आता हे घाईत, आपल्या माणसाच्या तोंडात घाला. शेवटचा उ गळला, नाकातला न विरला, फ चा प झाला, आफूस, आपूस, आणि पुढे ह चिकटून हापूस. म्हणजे हापूस हे त्या मूळ पोर्तुगीज उच्चाराला धरून आहे, आणि पेटीवरचं अल्फान्सो हे इंग्रजांनी नंतर लिहिलेलं पुस्तकी रूप. बाजारात लोक उलटं समजतात, की अल्फान्सो खरं नाव आणि हापूस गावठी. मला तर हापूसच जास्त जवळचा वाटतो.

राहिला प्रश्न कुठला अफोन्सो. शाळेत आपण सगळे शिकलो की गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचं नाव. त्याने 1510 साली आदिलशाहीकडून गोवा घेतलं, 1511 मधे मलाक्का, 1515 मधे ओर्मुझ आणि त्याच वर्षी डिसेंबरमधे गोव्याच्या बंदरात जहाजावर वारला. या धावपळीत माणूस कलमं कधी बांधणार. गोव्यात आंब्याला कलम करायची पद्धत रुजवण्याचं श्रेय सहसा जेझुइट पाद्र्यांना देतात आणि ते तर गोव्यात आले 1542 मधे. त्याच्या मानासाठी नाव दिलं असेल असं म्हणता येतं, पण दुसरा एक धागा आहे तो मला जास्त पटतो. 17 व्या शतकात हिंदुस्थानात आयुष्य काढलेला व्हेनिसचा निकोलाव मनुची याने गोव्यातल्या चांगल्या आंब्यांची यादी लिहून ठेवलीय, त्यात एका आंब्याचं नाव निकोलाव अफोन्सो असं दिलंय. म्हणजे आंब्याला बागवाल्याचं किंवा ज्याने जात काढली त्याचं नाव द्यायची तिथे रीत होती. मग काळाच्या ओघात निकोलाव गळून नुसता अफोन्सो उरला आणि पुढच्या लोकांनी त्या नावाचा सगळ्यात फेमस माणूस कोण तर अल्बुकर्क म्हणून त्याच्या खात्यावर टाकला, हे मला माणसांच्या स्वभावाला धरून आणि खरं वाटतं. बिचारा निकोलाव.

2018 च्या ऑक्टोबरमधे हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते सुद्धा अल्फान्सो याच नावावर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या 5 जिल्ह्यांसाठी. तर पंधराशे वर्षांपूर्वीच्या गॉथिक नावाला आता भारत सरकारचा शिक्का आहे, हे तुमच्या चिरंजीवांना सांगा, खूश होतील.

प्रश्न – माझं आडनाव फर्नांडिस. मुलीला शाळेत 'माझं आडनाव' असा प्रोजेक्ट दिलाय. आम्ही पोर्तुगीज असं लिहिलं तर बाई म्हणाल्या पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ काय ते पण लिही. आता पोर्तुगीज येतं कोणाला इथे. मदत करा, सोमवारी द्यायचाय. – वेंगुर्ल्याची एक आई

उत्तर – पोर्तुगीजमधे शोधून अर्थ सापडणार नाही ताई, कारण तो शब्दच पोर्तुगीज नाही. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा. शेवटचा 'एस' आहे ना, जो आपण इस असा बोलतो, तो म्हणजे 'अमक्याचा'. आपण बापाचं नाव मधे लावतो, ते मागे लावायचे. आणि फर्नांदो परत गॉथिक. मागचा तुकडा 'नान्थ' म्हणजे धाडस. पुढचा तुकडा काही जण 'फ्रिथ' म्हणजे शांतता असा लावतात आणि काही जण 'फर्थ' म्हणजे प्रवास असा. मुलीला दुसरा अर्थ लिहायला सांगा, धाडसी प्रवासी, वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या पोरीला तो शोभतो आणि बाईंना पण आवडेल. पण दोन्ही मतं आहेत एवढं एक वाक्य टाकू दे, प्रोजेक्टला वजन येतं.

भाऊबंद भरपूर आहेत. जर्मन आणि इंग्लिशमधे फर्डिनंड, इटलीत फेर्दिनांदो आणि फेर्रान्ते, पोर्तुगीजमधे फर्नांदो आणि आखूड रूप फर्नांव, स्पॅनिशमधे फर्नांदो आणि एर्नांदो. स्पेनमधे एका काळात शब्दाच्या सुरुवातीचा फ पातळ होत होत ह झाला आणि मग तोही बोलण्यातून गेला, म्हणून तिकडे फर्नांदेस आणि एर्नांदेस अशी दोन आडनावं आहेत, दोन्ही मुळात एकच. पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेवर 1519 ला निघालेला मॅगेलन, त्याचं नाव फर्नांवच. चार्टवर त्याच्या जहाजाचं चित्र काढता येईल.

अजून एक माणूस लिहा, कोकणात त्याच्याशिवाय प्रोजेक्ट पूर्ण कसा होईल, जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरचा माणूस, 1967 ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडून खासदार झाला आणि रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेच्या कामाला जोर दिला, 1990 मधे कॉर्पोरेशन उभं राहिलं आणि 1998 मधे पूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली. जॉर्ज हे ग्रीक नाव, अर्थ शेतकरी. म्हणजे एका नावात ग्रीक शेतकरी आणि गॉथ धाडसी. आणि हो, गोव्यात फर्नांदिना किंवा फर्नांदिन नावाचा जुना आंबा पण आहे, हापूसवाल्या वरच्या पत्राशी ते जोडून घ्या.

प्रश्न – आम्ही वसईचे. आमच्या एकाच आळीत कोणी गोन्साल्विस लिहितं, कोणी घोन्साल्विस, कोणी गोन्सालवीस, आणि इंग्लिश स्पेलिंग तर विचारूच नका. खरं कुठलं? आणि व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की गोन्साल्विस, रॉड्रिग्ज वगैरे जर्मन वंशाचे आहेत. म्हणजे आमच्या अंगात जर्मन रक्त आहे का? घरी म्हातारी मंडळी हसतायत. – वाचक, वसई

उत्तर – म्हातारी मंडळी बरोबर हसतायत, त्यांच्याबरोबर हसा. नावाचा वंश वेगळा आणि माणसाचा वंश वेगळा. वसई 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मधे चिमाजी आप्पांनी ती घेतली, मधली दोनशे वर्षं पोर्तुगीज अंमल. त्या काळात इथल्याच लोकांनी, म्हणजे सामवेदी, वाडवळ, कोळी वगैरे, बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाद्र्याचं किंवा जो पोर्तुगीज धर्मपिता म्हणून उभा राहिला त्याचं आडनाव मिळालं. माणसं इथल्याच मातीतली, बोली कादोडी नाहीतर वाडवळी, आणि आडनाव गॉथांचं. यात गंमत अशी की ज्या पोर्तुगीजाने ते दिलं त्याच्या तरी अंगात गॉथ रक्त किती होतं देव जाणे, त्याच्याही पूर्वजांनी ते तसंच उचललेलं असणार. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही झालं. आफ्रिकेत काँगोचा राजा एन्झिंगा म्बेम्बा याने बाप्तिस्मा घेतला आणि तो अफोन्सो पहिला झाला, गोव्यात अल्बुकर्क होता तेव्हा तिकडे काँगोच्या गादीवर हा अफोन्सो होता. त्याला कोणी जर्मन म्हणेल का.

आता अर्थ. गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा मुलगा, जुनं लॅटिन रूप गुन्दिसाल्वुस, त्यातला 'गुन्द' म्हणजे परत युद्ध. स्पॅनिश चुलतभाऊ गोन्सालेस. रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा, 'ह्रोथ' म्हणजे कीर्ती आणि 'रिक' म्हणजे सत्ताधीश, आपल्याकडचा यशवंतराव म्हणा. 711 मधे ज्याच्या हातून गॉथांचं राज्य गेलं तो शेवटचा राजा पण रॉद्रिगोच, त्यामुळे कीर्ती जरा बेताचीच राहिली. उत्तरेकडे हेच नाव रुरिक झालं आणि रशियाच्या पहिल्या राजघराण्याला त्याचंच नाव आहे. हेन्रिक्स म्हणजे हेन्रिकचा, 'हाइम' म्हणजे घर आणि तोच 'रिक', घरचा मालक. इंग्लिशमधला हेन्री, हॅरी, जर्मन हाइनरिख, डच हेन्ड्रिक, इटलीतला एन्रिको आणि आडनावांत हॅरिस, हॅरिसन, हेन्डरसन, सगळी एकाच बापाची लेकरं. आल्वारिस म्हणजे आल्वारोचा, साधारण 'सगळ्यांचा राखणदार'. गोम्स, गोमिस यांच्या मुळाशी 'गुमा' म्हणजे माणूस, पुरुष, असं धरतात.

पण सगळीच आडनावं यात ढकलू नका, व्हॉट्सॲपवाले ढकलतात. लोपिस लॅटिनमधल्या लांडग्यावरून, परेरा नासपतीच्या झाडावरून, कार्व्हालो ओकच्या झाडावरून, ऑलिव्हेरा ऑलिव्हवरून, डिसोजा पोर्तुगालमधल्या सोझा नदीच्या भागावरून, पिरिस पीटरवरून म्हणजे मुळात ग्रीक. याच्यात गॉथ कोणी नाही.

खरं रूप कुठलं तर पोर्तुगीजमधे ते गोन्साल्व्हिश असं काहीसं बोलतात, देवनागरीत ते अचूक बसवायच्या फंदात पडू नका. घो वालं वसईचं खास आहे आणि मला वैयक्तिक ते आवडतं, बघताक्षणी माणूस कुठला ते कळतं. सातबारावर, आधारवर आणि बँकेत जे आहे ते सगळीकडे एकच ठेवा म्हणजे झालं. एकाच आळीत तीन रूपं असली तर चालेल, एकाच माणसाची तीन रूपं असली तर वारस नोंदीच्या वेळी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

प्रश्न – मी मर्चंट नेव्हीत आहे, गाव गुहागरजवळ. सुट्टीवरून परत जाताना बोटीवर घरचे आंबे नेले आणि मेसमधे सगळ्यांना सांगितलं की हे इंडियातले बेस्ट, अल्फान्सो. तर पोलंडचा सेकंड इंजिनियर आणि एक रशियन पोट धरून हसायला लागले, कारण काय ते सांगेनात. आंबे मात्र सगळे खाल्ले. काय भानगड आहे? – बोटीवरचा वाचक

उत्तर – भानगड आहेच. पोलिशमधे अल्फोन्स म्हणजे बायकांचा धंदा चालवणारा दलाल आणि रशियनमधे बायकांच्या पैशावर मजा मारणारा पुरुष. हे नाव मुळात बदनाम नव्हतं, 1873 मधे पॅरिसच्या रंगभूमीवर एक नाटक आलं, त्यातला अल्फोन्स नावाचा माणूस बायकांच्या जिवावर जगणारा होता, नाटक गाजलं, नाव शिवीसारखं वापरात आलं आणि फ्रान्समधून पूर्वेकडे पसरलं. फ्रान्समधे हा वापर मागे पडला, तिकडे मुरला. पुढच्या वेळी नुसतं हापूस म्हणा, कोणी हसणार नाही. आणि सगळे आंबे खाल्ले म्हणताय म्हणजे नावामुळे काय अडलं नाही त्यांचं.

प्रश्न – फॉर्म्युला वनवाला फर्नांदो अलोन्सो आणि अल्फान्सो यांचा काही संबंध? मित्र म्हणतात मी काहीही जोडतो. – चिपळूण

उत्तर – मित्रांना हे पान दाखवा. अलोन्सो हे अल्फोन्सोचंच स्पॅनिश रूप आहे, वर फर्नांदेस-एर्नांदेसचं सांगितलं तसाच इथला फ पण पातळ होऊन गेला. त्याचं पहिलं नाव गॉथिक, आडनाव पण गॉथिक. आणि माणूस जन्मला ओव्हिएदोमधे, म्हणजे त्याच आस्तुरियासमधे जिथे पहिला अल्फोन्सो राज्य करत होता, ओव्हिएदोला राजधानी केली ती पण दुसऱ्या अल्फोन्सोने. 2005 आणि 2006 अशी दोन वर्षं वर्ल्ड चॅम्पियन. यापेक्षा जास्त काय जोडणार तुम्ही.

जाता जाता, अमेरिकेतला गँगस्टर अल कपोन, त्यातला अल म्हणजे अल्फोन्स. गायक लुईस फोन्सीमधलं फोन्सी हे अल्फोन्सोचं लाडाचं नाव. आणि कॅनडाचा फुटबॉलपटू अल्फान्सो डेव्हिस 2019 पासून म्युनिकच्या बायर्न क्लबच्या टीममधे आला, म्हणजे हे नाव फिरत फिरत जर्मन बोलणाऱ्यांत जाऊन पोचलं असं म्हणता येईल.

प्रश्न – आमची वहिनी केरळची. तिला मुलगा झाला, तिच्या आजोबांचं नाव अल्फोन्स होतं तेच ठेवायचं तिच्या मनात आहे. आमच्या आईचं म्हणणं, मालवणात पोराला अल्फोन्स म्हटलं तर सगळे हापूस म्हणून चिडवतील. एक, हे नाव हिंदूंनी ठेवलं तर चालतं का? दोन, अल्फोन्स, अल्फान्सो, अल्फोन्सो, अफोन्सो यातलं कुठलं ठेवायचं? तीन, नाव ठरेपर्यंत जन्मदाखल्याचं काय करायचं? – एक आत्या, मालवण

उत्तर – आत्याबाई, चिडवणार हे नक्की, त्यात खोटं कशाला सांगू. पण कोकणात हापूस म्हणून चिडवलं जाणं ही काय वाईट गोष्ट नाही, आमच्या शाळेत एकाला फणस म्हणायचे.

नाव कोणी ठेवायचं याला कायदा नाही, घरात सगळ्यांचं जमलं की झालं. केरळमधे हे नाव एवढं का चालतं तर त्यामागे इटलीचे संत अल्फोन्सस लिगोरी आहेत, 1696 चा जन्म, 1787 ला वारले, त्यांच्या नावाने बरीच मुलं-मुली झाली. त्यांच्यावरूनच नाव घेतलेल्या केरळच्या सिस्टर अल्फोन्सा, 1910 ला जन्मल्या आणि 1946 ला ऐन पस्तिशीत गेल्या. त्यांना 2008 मधे संतपद मिळालं, भारतातली पहिली स्त्री संत. उद्या मुलगी झाली तर हे रूप तयार आहे. राजकारणात के. जे. अल्फोन्स तुम्हाला माहीत असतील, केंद्रात पर्यटन मंत्री होते.

रूपांचं असं आहे. अल्फोन्स हे जर्मन, पोलिश, डच, कॅटलान, आणि स्पेलिंग थोडं बदलून फ्रेंच. अल्फोन्सो हे स्पॅनिश आणि इटालियन. अफोन्सो पोर्तुगीज, गोव्यात हे आडनाव म्हणून पण भेटतं. अल्फान्सो हे इंग्लिशमधून आपल्याकडे आलेलं आणि आता त्याच्यावर आंब्याचाच हक्क आहे. आजोबांचं नाव अल्फोन्स होतं ना, मग अल्फोन्सच ठेवा, ओ लावू नका, ओ लावला की पेटी आठवते. इंग्लिशमधे मधे एफ लिहायचा की पीएच हे एकदाच ठरवा, केरळकडे पीएच जास्त दिसतो, आजोबांच्या कागदावर असेल तेच घ्या. पोलंडला नोकरीला गेला तर काय ते वरच्या पत्रात आहे, तेव्हाचं तेव्हा.

दाखल्याचं टेन्शन घेऊ नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि ती बाळाच्या नावाशिवाय पण होते, फक्त आईबापाची नावं, तारीख, ठिकाण. पुढे 12 महिन्यांच्या आत नाव दिलं तर काही फी लागत नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून नाव घालता येतं. पण पंधरा वर्षं आहेत म्हणून बसू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदललाय, त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेचा प्रवेश, लायसन्स, मतदार यादी, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेला हाच दाखला चालतो, त्यामुळे त्यावर पडलेलं स्पेलिंग पोराच्या गळ्यात आयुष्यभर.

नाव ठरलं की देवनागरी आणि इंग्लिश दोन्ही मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून घेऊन जा, तोंडी सांगू नका, कारण ऐकणारा अल्फान्सोच टाईप करणार. ल्फो हे जोडाक्षर बऱ्याच वेळा तुटून अल फोन्स असे दोन शब्द होतात, तेव्हा दाखला हातात आला की तिथेच खिडकीपाशी उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा, मगच सही करा.